एक हजार चार नंबरचा मालक

मला पायथन येतं, ही गोष्ट मी गरजेपेक्षा चार-पाच जणांना जास्त सांगितली, एवढीच काय ती माझी चूक. पुढे जे झालं त्यात आमचं कीर्तन मंडळ, मंडळाचा कॉम्प्युटर आणि कलियुग यांचा वाटा माझ्याहून पुष्कळ मोठा आहे. कोणी निःपक्षपाती माणूस भेटला तर तो हे मान्य करील. आमच्या मंडळात तसा माणूस नाही.

पायथन म्हणजे अजगर नव्हे. ही कॉम्प्युटरला आज्ञा देण्याची एक भाषा आहे. मुलुंड पूर्वेच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने आठ रविवारांचा वर्ग काढला आणि सदतीस वर्षं विमा कचेरीत दुसऱ्यांच्या आज्ञा ऐकलेला मी, आता कोणाला तरी आज्ञा देता येईल या आशेवर पहिल्या बाकावर जाऊन बसलो. घरात ती सोय नाही.

तिसऱ्या रविवारी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, या भाषेबरोबर एक भांडार आयतंच येतं, त्याला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. त्यातून खुद्द कॉम्प्युटरलाच त्याची माहिती विचारता येते. तुझं नाव काय, तुझ्यावर कोणाकोणाची खाती आहेत, आत्ता तुझ्यासमोर कोण बसलंय. मी दोन ओळी लिहिल्या. पडद्यावर उमटलं, 'विद्याधर'.

अंगावर काटा आला हो! कीर्तनाच्या पूर्वरंगात बुवा 'मी कोण' हा प्रश्न घेतात तेव्हा पाऊण तास लावतात. देह म्हणजे मी नव्हे, मन म्हणजे मी नव्हे, बुद्धी म्हणजे मी नव्हे, असं सगळं नाकारत नाकारत जातात आणि उत्तर आता येणार, येणार, तोवर बुक्का लावायची वेळ होते. इथे पाव सेकंदात निकाल! घरी येऊन मी हे अनुपमाला, म्हणजे माझ्या पत्नीला, सांगितलं.

"तुम्ही कोण ते मला विचारायचंत," ती म्हणाली. "मी त्याहून लवकर सांगितलं असतं."

पण मी ही गोष्ट गुरुवारी कीर्तनाला, शुक्रवारी बँकेत, शनिवारी दाढी करताना अशी सगळीकडे सांगितली आणि रविवारी संध्याकाळी दारात ऋतिका उभी राहिली.

ऋतिका ही नंदाताईंची नात, घाटकोपरला कॉलेजात शिकते. आणि नंदाताई म्हणजे आमच्या दत्तकृपा कीर्तनप्रेमी मंडळाची सगळी श्रीमंती. देवळामागच्या हॉलमध्ये त्यांनी चाळीस वर्षं कीर्तन केलं. पदर खोचून त्या उभ्या राहिल्या की समोरची माणसं घड्याळ बघायची विसरत. पाच वर्षांपूर्वी दत्तजयंतीला सुधन्व्याचं आख्यान लावलं होतं आणि भर उत्तररंगात ताईंना पुढचं पद आठवेना. दोनदा मागची ओळ घेतली. तिसऱ्यांदा घेतली. मग श्रोत्यांना हात जोडून त्या खाली उतरल्या, त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत.

"काका, यंदा दत्तजयंतीला माझं पहिलं कीर्तन आहे," ऋतिका म्हणाली. "मला आजीचंच सुधन्वा आख्यान करायचंय."

"वा! मग आजीला विचार की."

"विचारलं. ती म्हणते, नाही आठवत गं, आणि उठून पालेभाजी निवडायला बसते. घरात भाजी नसेल तर आणायला जाते. आणि तिची पदं तिने कुठे लिहूनच ठेवली नाहीत. पण देवव्रत मास्तरांनी रेकॉर्डिंग केलंय ना सगळं!"

देवव्रत मास्तर आमचे पेटीवाले. मागच्या वर्षी गेले. नंदाताईंची एकतीस कीर्तनं त्यांनी रेकॉर्ड करून मंडळाच्या कॉम्प्युटरवर सामाईक फोल्डरात ठेवली होती. फायली दिसत होत्या, नावं, तारखा सगळं व्यवस्थित. पण उघडायला गेलं की कॉम्प्युटर म्हणत होता, आपल्याला परवानगी नाही.

"तीन आठवडे उरलेत, काका. तुम्हाला पायथन येतं ना?"

अशा वेळी शहाणा माणूस 'बघू' म्हणतो. मी म्हणालो, "दोन मिनिटांचं काम आहे."

मंडळाचा कॉम्प्युटर हॉलच्या कोपऱ्यात, सतरंज्यांच्या कपाटाशेजारी असतो. तो नितेशने लावून दिलेला. नितेश आमच्यातलाच, हल्ली कॅनडात असतो. कॉम्प्युटर सगळ्यांनी मिळून वापरावा असं त्याचं साधं म्हणणं होतं, पण आमचे सेक्रेटरी धोंडिराम यांनी प्रत्येक सभासदाला स्वतंत्र खातं आणि स्वतंत्र पासवर्ड हवा, असा आग्रह धरला. धोंडिराम मूळचा मालवणचा, आणि सगळी हयात महापालिकेच्या आवक-जावक विभागात काढलेला. कुठलाही कागद आवक झाल्याशिवाय जावक होत नाही यावर त्याची जेवढी श्रद्धा आहे, तेवढी माझी देवावर असती तर मी आज कुठल्या कुठे असतो.

सोमवारी सकाळी मी प्रोग्राम लिहायला घेतला. खात्यांची माहिती ज्या कप्प्यातून काढायची त्याचं नाव 'पीडब्ल्यूडी' आहे हे कळल्यावर धोंडिराम खुर्ची ओढून जवळ आला.

"म्हणजे रस्तेवाले?"

"नाही रे. हे पासवर्डवाले."

"मग टेंडर काढूक होया काय?"

मी बटण दाबलं. माझा हिशोब असा, की आधी कोणाकोणाची खाती आहेत ती यादी काढावी, मग त्या फायली कोणाच्या नावावर आहेत ते शोधावं. मंडळाचे सभासद दहा. पडद्यावर नावं आली चव्वेचाळीस.

इथेच मी यादी पुसली असती तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मला अभिमान आवरेना. मी छापील प्रत काढून धोंडिरामच्या हातात ठेवली. त्याने ती दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता तातडीची सभा बोलावली.

सभेला आम्ही नऊ जण हजर होतो, दहावा कॅनडात. धोंडिरामने हजेरीवही उघडली आणि यादी वाचायला सुरुवात केली.

"रूट!"

कोणी ओ दिली नाही. त्याने वहीत लिहिलं, गैरहजर.

"डीमन! बिन! सिस! गेम्स!" मान वर करून त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "आपल्यात गेम्स कोण आसा?"

"धोंडिराम, ही माणसं नाहीत," मी म्हणालो. "कॉम्प्युटरच्या आतल्या कामांची खाती आहेत ती. कोणी छपाई बघतं, कोणी टपाल बघतं."

"म्हणजे कर्मचारी."

"तसंच समज."

"कर्मचारी आसत तर नेमणूकपत्रां खंय आसत?"

खजिनदार शकुताई म्हणाल्या, "अहो, देवळाच्या कॉम्प्युटरमध्ये डीमन नावाचं काय ठेवलंत? उद्याच्या उद्या एक सत्यनारायण घालून घ्या." त्यावर चर्चा होऊन ती सूचना पुढच्या सभेत घ्यायचं ठरलं. पण पुढची सभा तर सोडाच, हीच सभा होऊ शकत नाही, असं धोंडिरामच्या लक्षात आलं. आमच्या घटनेप्रमाणे यादीतले एक तृतीयांश सभासद हजर लागतात. चव्वेचाळीसचा तिसरा हिस्सा पंधरा. हजर नऊ. गणसंख्येअभावी सभा तहकूब! अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा भरते, तिला गणसंख्या लागत नाही. म्हणून आम्ही नऊ जण उठलो, देवळाला एक प्रदक्षिणा घालून, प्रसादाचे फुटाणे खाऊन त्याच खुर्च्यांवर येऊन बसलो.

या अर्ध्या तासात यादी हातोहात फिरली होती, आणि तिच्यात नावापुढे एक नंबर असतो हे सगळ्यांना दिसलं होतं.

आता हे नंबर कॉम्प्युटर आपल्या सोयीसाठी देतो. खरी माणसं हजारापासून सुरू होतात, हजारावर खुद्द नितेश. जो आधी आला त्याला आधीचा नंबर, एवढाच त्याचा अर्थ. पण आमच्याकडे बुक्का कोणी आधी लावायचा, नारळ कोणाला आधी द्यायचा, यावर घरं तीन-तीन महिने बोलत नाहीत. तिथे छापील कागदावर नंबर!

"एक हजार एक शकुताई?" उपाध्यक्ष रतनराव उभे राहिले. "आणि मी सातवा? मी सत्तावीस वर्षं वर्गणी भरतोय."

"मग मी काय फुकट जेवत्ये?" शकुताई म्हणाल्या.

"मी कुठे तसं म्हटलं? मी म्हटलं क्रम चुकलाय."

"त्या दिवशी नितेशला चहा कोणी आणून दिला? मी. चहा दिला तेव्हाच त्याने माझं खातं उघडलं. तुम्ही आणायचा होतात."

मी मध्ये पडलो. नंबरात मोठेपणा नसतो, नारायणाच्या दारी पहिला आणि शेवटचा सारखाच, असं दहा मिनिटं फार सुंदर बोललो. कोणीतरी मागून म्हणालं, "विद्याधर, तुझा कितवा?" मी यादी पाहिली. एक हजार दहा. शेवटचा. त्यानंतर मी बोललो नाही. आमची सेवा कमी पडली असेल, दुसरं काय. बावीस वर्षं दर गुरुवारी सतरंज्या कोण घालतो हे कॉम्प्युटरला कळायचं काही कारणही नाही.

या गडबडीत एक गोष्ट ऋतिकाच्याच लक्षात आली. ती दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती.

"काका, तीननंतर एकदम पाच आहे. एक हजार चार कोण?"

मी प्रोग्रामात आणखी चार ओळी घातल्या आणि नंदाताईंच्या कीर्तनाच्या फायली कोणाच्या मालकीच्या ते विचारलं. उत्तर आलं, एक हजार चार. एकतीसच्या एकतीस. मग विचारलं, या एक हजार चारचं नाव काय? आणि प्रोग्राम मोडून पडला. लाल अक्षरांत ओरडला, की या नंबरचं कोणी नाहीच मुळी. मालक आहे, पण त्याला नाव नाही. निर्गुण निराकाराचं एवढं स्वच्छ वर्णन मी चांगल्या चांगल्या बुवांकडून ऐकलेलं नाही, पण ती वेळ डुलायची नव्हती.

धोंडिरामने इतिवृत्ताची वही काढली. आमच्या मंडळात अशी रीत आहे, की सभासद गेला की तेराव्या दिवशी श्रद्धांजलीची सभा होते आणि रजिस्टरातल्या त्याच्या नावावर लाल शाईची रेघ येते. मास्तर गेले तेव्हा तेराव्या दिवशी धोंडिरामने रजिस्टरात रेघ मारली, आणि नियम म्हणजे नियम, म्हणून कॉम्प्युटरवरचं त्यांचं खातंही काढून टाकलं. नाव गेलं. फायली मात्र त्या नंबरला धरून तशाच बसल्या.

"पण खातं काढायचा ठराव मांडला कोणी?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं. "ज्याने मांडला त्याला अक्कल..."

धोंडिरामने वही माझ्यासमोर फिरवली. सूचक, विद्याधर. खाली माझी सही. वळणदार.

कॅनडात नितेशला फोन लावला. तो म्हणाला, "काका, सिम्पल आहे यार. एक कमांड सांगतो, फायलींचा मालक बदलायचा. धोंडिरामकाकांकडे ॲडमिनचा पासवर्ड आहे. दहा सेकंद."

धोंडिरामने फोन माझ्या हातातून घेतला. "नितेश, मालकी बदलूची म्हणतंस. ठराव?"

"कसला ठराव?"

"मयत सभासदाची मालमत्ता दुसऱ्याच्या नावार करूची तर वारसाचो ना हरकत दाखलो होयो. तहकूब सभेत मालमत्तेचो विषय घेता येत नाय. तुका काय कळता कॅनडात!" आणि फोन ठेवला.

मी त्याला बाजूला घेतलं. "अरे, पोरीचं कीर्तन आहे. तीन आठवडे आहेत. कोण विचारतंय?"

धोंडिरामने माझ्याकडे पाहिलं. "विद्याधर, मास्तरांनी ती कुलपात ठेवली. का ठेवली, ता माका ठावक नाय. मेलेल्या माणसाचा कुलूप मी फोडूचंय नाय." हे त्याने इतक्या सरळ सांगितलं, की मला पुढे वाद घालवेना. शेवटी त्यानेच ना हरकत दाखल्याचा मसुदा आपल्या सुवाच्य अक्षरात करून दिला.

मास्तर अविवाहित. वारस म्हणजे एक भाचा, सुयोग. साकीनाक्याला त्याचं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो. मशीनच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून मी ओरडून सांगितलं, "मामांच्या फायलींसाठी आलोय!"

त्याने मशीन बंद केलं. हात पुसले. "तुम्ही तिसरे."

"तिसरे म्हणजे?"

"मामा गेल्यापासून सही मागायला येणारे. आधी चाळीचा चेअरमन आला, मग एक एजंट. खोली मिळणार नाही."

"मला खोली नकोय. कीर्तनाच्या फायली हव्यात."

"दाखवा कागद." त्याने मोठ्याने वाचलं. धोंडिरामची भाषा महापालिकेची. 'कैलासवासी देवव्रत यांचे नावे असलेली क्रमांक एक हजार चारची मालमत्ता मंडळाचे नावे वर्ग करण्यास माझी कोणतीही हरकत नाही व भविष्यातही राहणार नाही.' सुयोगने कागदाची घडी घातली आणि माझ्या खिशात परत ठेवली. "काका, तुम्ही देवळातले दिसता. चहा घ्या. सही नाही."

चहा चांगला होता. मी त्याला कॉम्प्युटर, नंबर, लाल शाई सगळं समजावून सांगितलं. तो सहानुभूतीने ऐकत होता. शेवटी म्हणाला, "एजंटाची स्टोरी पण चांगली होती, पण तुमच्यासारखी नाही."

मग दहा दिवस गेले. वकिलांकडे विचारून झालं, शेजारच्या निवृत्त तलाठ्याला विचारून झालं. त्याने सातबाऱ्यावर नोंद घालायला सांगितलं. सोसायटीतल्या एका बाईंनी कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू करा म्हटलं. मी रोज नवा प्रोग्राम लिहीत होतो. कॉम्प्युटरचं नाव, त्याची जात, त्याच्या आतल्या यंत्राचं घराणं, तो किती तास जागा आहे, सगळं मला पाठ झालं. अनुपमा म्हणाली, लग्न जमवताना माझी एवढी चौकशी केली नव्हतीत. ज्या एका गोष्टीसाठी हे सगळं चाललं होतं ती मात्र जिथल्या तिथे. ऋतिका रोज संध्याकाळी हॉलमध्ये यायची, माझ्याकडे बघायची, आणि काही न विचारता परत जायची. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं. दत्तजयंतीला आठ दिवस उरले तेव्हा ती म्हणाली, "काका, मी दुसरं आख्यान करते. पुस्तकातलं." आणि हसली. त्या हसण्याने मला रात्री जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्याच्या गुरुवारी मंडळात नवा सभासद आला, धवल. देवळासमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. धोंडिरामचे सगळे कागद तिथेच दोन-दोन प्रतींत होतात, त्यामुळे तो मंडळाला बराच ओळखून होता. तरी आला, हे विशेष. त्याच्या आईला कीर्तनाची आवड, आणि याला झांजा वाजवायला शिकायच्या होत्या. रीतीप्रमाणे नारळ दिला, रजिस्टरात नाव घातलं आणि नितेशने लिहून ठेवलेला कागद समोर ठेवून धोंडिरामने एका बोटाने त्याचं खातं उघडलं. सभासदाने पहिल्या दिवशी आपल्या खात्यात शिरून बघायचं, असाही आमच्यात नियम आहे. धवल बसला. मी सतरंज्या घालत होतो.

आणि हॉलमध्ये पेटी वाजू लागली.

काळी चारचा सूर. मास्तरांचा हात. सतरंजी माझ्या हातातच राहिली. शकुताईंनी देवाकडे बघून हात जोडले. धोंडिराम उठून कॉम्प्युटरपाशी गेला आणि पडद्यावर काय उघडलंय ते बघून पांढराफटक पडला.

"तू काय केलंस?"

"काय नाय काका," धवल घाबरला. "इथे 'कीर्तन' लिहिलेलं होतं, मी दोनदा दाबलं फक्त."

मी धावत जाऊन प्रोग्राम चालवला. एकतीसच्या एकतीस फायली. मालक, धवल.

"पोरगो आज इलो," धोंडिराम हळू आवाजात म्हणाला, "आणि एकतीस कीर्तनांचो मालक झालो!"

रतनराव म्हणाले, हा दुकानात धोंडिरामचे कागद झेरॉक्स करताना वाचत असणार, पहिल्यापासून डोळा होता. शकुताई म्हणाल्या, नारळ परत घ्या. धवल बिचारा नारळ घेऊनच उभा होता, तो पुढे करू लागला. मी नितेशला फोन लावला.

"अरे काका, साधं आहे," नितेश हसायला लागला. "एक हजार चार नंबर रिकामा होता. नवीन माणूस आला, मशीनने पहिला रिकामा नंबर त्याला दिला. फायलींना माणूस कळत नाही, नंबर कळतो. त्यामुळे त्या आता त्याच्या."

फोन स्पीकरवर होता. मग माझ्याच्याने राहवेना. "म्हणजे देह गेला, नाव गेलं, संचित तेवढं राहिलं, आणि जो नवा जन्माला आला त्याला ते चिकटलं! अहो, हा तर चोख कर्मसिद्धांत!"

"काका, मी मास्तरांचा पुनर्जन्म नाय हां," धवल घाईघाईने म्हणाला. "मास्तर माझ्या दुकानात पेटीच्या पावत्या झेरॉक्स करायला यायचे. आम्ही दोघं एकाच वेळी जिवंत होतो."

धोंडिरामचा मात्र चेहरा पहिल्यांदाच सैल झाला होता. कुलूप कोणी फोडलं नव्हतं. मालकी बदलली होती आणि कोणीही नियम मोडला नव्हता. त्याने खुर्ची ओढली, कोऱ्या कागदावर ना हरकत दाखला नव्याने लिहिला आणि धवलसमोर ठेवला. धवलने न वाचता सही केली, वर म्हणाला, "किती कॉपी देऊ?" दोन आठवडे, चौदा ओळींचा प्रोग्राम, साकीनाक्याचा चहा, आणि अखेर काय, तर दोनदा दाबलं! माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं. कलियुगात ज्ञानमार्गाने काही होत नाही असं बुवा सांगतात, तेव्हा मी उगीच मान हलवत असे. आता कळून हलवतो.

ऋतिकाला फोन केला. अर्ध्या तासात ती आली आणि सोबत नंदाताईंना हाताला धरून घेऊन आली. पाच वर्षांनी ताई हॉलमध्ये येत होत्या. त्यांना खुर्ची दिली. ऋतिका वही उघडून जमिनीवर बसली. सुधन्वा आख्यान, दत्तजयंती, तारीख जुनी, ताई मध्येच थांबल्या त्याच्या आधीच्या वर्षाची. धवलने दाबलं.

पेटी. पेटी. पेटीच पेटी. लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा बाईचा आवाज, शब्द एकही कळेना. धवलने आवाज वाढवला. पेटी वाढली. दुसरी फाईल लावली, तेच. सातवी लावली, तेच. पुन्हा पहिली, सुधन्व्याची लावली, तरी तेच. मास्तरांनी माईक ठेवला होता तो स्वतःच्या पेटीच्या भात्यावर. एकतीस कीर्तनं, शंभर तासांच्या वर, आणि त्यात नंदाताई म्हणजे मागे कोणीतरी भांडी घासतंय एवढ्याच.

मी मान वर केली नाही. ऋतिकाने वही मिटली. "राहू दे, काका," ती म्हणाली.

"हा देवव्रत!" नंदाताई कडाडल्या. सगळे दचकले. "मला सांगायचा, ताई तुमचं जपून ठेवतोय. हे जपलंन त्याने! म्हणून कुलूप लावलंन होय! हे बघ, हे बघ, काय करतोय बघ! इथे पेटी थांबायला हवी. इथे माझं पद आहे, आणि हा मध्येच ताना मारतोय."

"कुठलं पद, आजी?" ऋतिकाने विचारलं.

"कुठलं म्हणजे? कढईचं!"

फाईल चालूच होती. पेटीने एक वळण घेतलं, खाली आली आणि सुरावर ठरली. ताईंचा हात आपोआप वर गेला. बोटं पसरलेली, जशी त्या उभ्या असताना पसरत.

"तेल निवालें, भाव निवेना," त्या म्हणाल्या. आवाज फाटका होता. "हां. तेल निवालें, भाव निवेना, उभा सुधन्वा हाक देईना..." थांबल्या. पेटी पुढे चालली होती. त्यांनी डोळे मिटले, पेटीची ती पुढची जागा आली आणि पुढची ओळ आली. मग त्याच्या पुढची. कुठे पेटी चुकत होती तिथे त्या देवव्रताला शिवी घालत, आणि शिवी संपली की पद सापडत.

ऋतिकाने वही बाजूला सारली होती. ती नुसती ऐकत होती, ओठ हलवत.

मग फाईल पहिल्यापासून लावली आणि आख्यान कथेत शिरलं. युद्धाला उशिरा आला म्हणून राजाने आपल्याच मुलाला उकळत्या तेलाच्या कढईत टाकायची शिक्षा दिलेली. प्रधान निघालाय. कढईखाली लाकडं सारली जातायत. ताई खुर्चीतून कधी उठल्या कोणाला कळलं नाही. पदर खोचलेला होता. मी अर्धवट घातलेल्या सतरंजीवर बसलो, माझ्याशेजारी रतनराव, त्यांच्याशेजारी शकुताई. कोण कोणाच्या आधी बसलं ते मला सांगता येणार नाही.

एकटा धोंडिराम इतिवृत्ताची वही घेऊन उभा होता. त्याने घसा खाकरला. "ताई, एक मिनिट. ह्या आख्यान लिहून घेतला तर ताची मालकी कोणाच्या नावार..."

नंदाताईंनी डोळे न उघडता हात वर केला.

"धोंडिराम, गप रहा. तेल उकळतंय."

धोंडिरामने वही मिटली, चपला काढल्या आणि खाली बसला.